पुसलेलं उड्डाण

१

त्या मंगळवारच्या साडेतीन तासांची नोंद नाहीशी झाली आहे, हे तीन आठवडे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लक्षात आलं ते एका अनोळखी बाईमुळे.

सकाळचे साडेआठ वाजले होते. वारेबाई नुकत्याच गच्चीवरून खाली आल्या होत्या. चौतीस वर्षं वेधशाळेत वारा, पाऊस आणि पारा मोजण्यात गेली, तेव्हापासून सगळं गाव त्यांना याच नावाने ओळखायचं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. दिवसातून तीनदा गच्चीवर जायचं आणि वाऱ्याची दिशा, वेग वहीत टिपायचा. कुणी हसलं तर त्या म्हणायच्या, "मी निवृत्त झाले, वारा नाही झाला."

दारात उभी असलेली बाई पस्तिशीची होती. उजव्या हाताच्या बोटात शिवणकामाचं अंगुस्तान तसंच राहिलं होतं.

"मला सगळे शिवणताई म्हणतात," ती म्हणाली. "कारखान्याच्या वसाहतीत कपडे शिवते. तुम्ही लोक विमानांची वही ठेवता ना? त्यातला एक दिवस मला बघायचाय."

वारेबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तारीख ऐकताच त्यांचा हात तांब्यावरच थांबला. रंगाच्या कारखान्याला आग लागली तो मंगळवार. तिघं गेले होते.

"त्यातला एक माझा दादा," शिवणताई म्हणाली. "भट्टीवरचा पर्यवेक्षक. कारखाना म्हणतो, भट्टी जास्त तापली होती, तरी त्याने मनाने चालू ठेवली. बाकी दोघांचे जीव त्याच्या माथी मारलेत. वहिनीला घर रिकामं करायला सांगितलंय. आणि शेजारच्या बायका, ज्यांची मुलं मी अंगाखांद्यावर खेळवली, त्या मला बघून दार लावून घेतात."

"आणि विमानाचा काय संबंध?"

"दादाने मला दहा चाळीसला फोन केला होता. म्हणाला, मालक स्वतः विमानाने आलेत. मी म्हणतोय भट्टी बंद करू, ते म्हणतात माल आजच निघाला पाहिजे. वहिनीला सांगू नकोस, ती घाबरेल." तिने अंगुस्तान बोटावर फिरवलं. "कारखाना म्हणतो, मालक तो आठवडाभर परदेशात होते आणि त्यांचं विमान दुसऱ्या शहरात दुरुस्तीला होतं. म्हणजे दादा मरायच्या आधी तासभर माझ्याशी खोटं बोलला. शुक्रवारी शेवटची सुनावणी आहे."

वारेबाईंनी कॉम्प्युटर उघडला. 'आकाशवही' हे त्यांच्या चौघांच्या मंडळाचं संकेतस्थळ. त्यांनी तारीख टाकली.

सकाळी साडेनऊपर्यंत नोंदी होत्या. दुपारी एकनंतर नोंदी होत्या. मधलं पान पांढरं फटक होतं.

२

विमान उडत असताना आपली ओळख, उंची आणि जागा रेडिओवरून सतत सांगत असतं. छपरावर हातभर अँटेना आणि खाली एक छोटी पेटी बसवली की घरबसल्या ते ऐकू येतं. जगभर हजारो हौशी लोक हे करतात. मोठी संकेतस्थळं श्रीमंतांच्या विनंतीवरून त्यांची खासगी विमानं नकाशावरून झाकून टाकतात. आकाशवही काही झाकत नसे. तेवढाच त्यांचा मोठेपणा.

दोन पेट्या होत्या. एक बाजारात, घड्याळजींच्या दुकानावर. दुसरी गावाच्या पूर्व टोकाला, दातांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकवर. दोन्हींचं ऐकलेलं संकेतस्थळावर जमा व्हायचं, आणि ते सांभाळायचे मास्तर. वारेबाई रोजचा वारा लिहायच्या, बास. संकेतस्थळात आत जाऊन काही बदलायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्या तिघांकडेच होती, तिघांना मिळून एकच.

कारखान्याची धावपट्टी गावालगतच होती, पूर्व-पश्चिम. तिथली नोंदवही कारखान्याच्याच कपाटात. लांबच्या नियंत्रण केंद्राकडे शिवणताईने अर्ज केला होता. उत्तर यायला सहा महिने लागतील असं उत्तर आलं होतं.

वारेबाईंनी एक गोष्ट लगेच हेरली. मालकाच्या विमानाने आपला रेडिओ बंद केला असता, तर फक्त तेच एक विमान दिसलं नसतं. इथे तर दहा किलोमीटर उंचावरून रोज जाणारी प्रवासी विमानंसुद्धा गायब होती. म्हणजे एक तर दोन्ही पेट्या बहिऱ्या झाल्या होत्या, नाहीतर कुणीतरी पान पुसलं होतं.

त्या आधी मास्तरांकडे गेल्या. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, एकुलती मुलगी नोकरीनिमित्त बाहेर. घर इतकं नीटनेटकं की पाहुण्याला बसायचा संकोच वाटावा.

पान कोरं आहे हे ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वीज गेली असेल," ते म्हणाले. "त्या दिवशी बाजारात वीज नव्हतीच. दोन्ही पेट्या बंद पडल्या असणार."

"तुम्ही कुठे होतात?"

"नेहमीच्या जागी. शाळेच्या मैदानाच्या कठड्यावर, कॅमेरा घेऊन. नऊपासून एकपर्यंत." मैदान धावपट्टीच्या पश्चिम टोकाला होतं, मास्तर तिथे बसून विमानांचे फोटो काढायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं. "मालकांचं विमान सोडाच, आकाशात चिटपाखरू नव्हतं. एक फोटो मिळाला नाही. त्या बाईंना सांगा, वाईट वाटतं. पण भाऊ फोनवर काय म्हणाला, कशाने म्हणाला, देवाला ठाऊक."

त्यांनी चहा केला. चहा फार गोड झाला होता. मास्तर साखर घेत नसत. त्यांनी स्वतःच्या कपातही घातली होती.

३

घड्याळजींचं दुकान म्हणजे टिकटिकीचं रान होतं. स्वतः घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेले.

"पुसलं?" ते गरजले. "मी तुम्हाला सांगत नव्हतो? वरच्यांचा हात आहे, वारेबाई! आता माझं दुकान फोडतील, बघा!"

"तुमची पेटी चालू होती का, ते आधी सांगा."

"कशाने चालू राहील? सकाळी सव्वानऊपासून दुपारी अडीचपर्यंत बाजारात वीज नव्हती. तारा बदलत होते. विजेवरची चार घड्याळं सव्वानऊला थांबली, ती मी माझ्या हाताने पुन्हा लावली." त्यांनी भिंग काढलं. "विसरेन कसा? आग लागली तेव्हा पंखा नव्हता, आणि दार उघडावं तर बाहेर धूर."

"धूर इकडे आला?"

"इकडे थोडा. सगळा लोट पूर्वेला गेला, डॉक्टरांच्या अंगावर."

"आणि संकेतस्थळाची किल्ली?"

घड्याळजी जरा वरमले. "ती कॅलेंडरच्या मागे लिहिली होती. वर्ष संपलं, बायकोने कॅलेंडर फेकलं. तेव्हापासून काही लागलं की मास्तरांनाच फोन करतो. कुणाला सांगू नका. मंडळात मी तांत्रिक सल्लागार आहे."

निघताना वारेबाईंनी विचारलं, "डॉक्टरांच्या भागातही वीज गेली होती?"

"छे! त्यांची लाइन वेगळी. तिकडे राजेशाही आहे."

४

क्लिनिकच्या बाहेर सहा माणसं गाल धरून बसली होती. त्यातल्या चौघांच्या हातात कारखान्याच्या चिठ्ठ्या होत्या.

डॉक्टरांनी वारेबाईंना पेशंटच्या खुर्चीतच बसवलं, कारण दुसरी खुर्ची नव्हती.

"पेटी? बंद असेल," ते हातमोजे ओढत म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वीचं कुणाला आठवतं?"

"आगीचा दिवस आठवत नाही?"

"आठवतो ना. दोरीवर वाळत घातलेले चारही पांढरे कोट काळे झाले. काजळी निघता निघत नाही." आणि मग, बोलायची सवय असलेल्या माणसाला आवरत नाही तसं, ते पुढे बोलून गेले. "आधीच ती सकाळ वाईट होती. दाढेच्या मुळापर्यंत ड्रिल चालू, आणि ते फ्लाइंग क्लबचं शिकाऊ पिवळं विमान डोक्यावरून सारखं उतरतंय. टेकायचं की पुन्हा उडायचं, फेरा मारून परत इथूनच खाली. दहा-बारा वेळा, थेट आग लागेपर्यंत. पेशंट दर वेळी दचकायचा. त्याची जीभ वाचली ही माझी पुण्याई."

"म्हणजे ड्रिल चालू होतं."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं.

"ड्रिल चालू, तर वीज होती. वीज होती, तर छपरावरची पेटीही चालू होती. म्हणजे ऐकलेलं सगळं संकेतस्थळावर पोचलं होतं."

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. "हो," ते हळू आवाजात म्हणाले. "चालू होती. पण मी काही पुसलेलं नाही, बाई. पेटीत आठच दिवसांचं राहतं, त्यावर नवं चढतं. मी हातही लावला नाही."

"डॉक्टर, लहान विमान ऐकलंत. मोठंही ऐकलं असेल."

ते नळाखाली हात धूत राहिले. हातमोजे तसेच होते.

"बाहेर बसलेले बघितलेत ना?" शेवटी ते म्हणाले. "बहुतेक कारखान्याच्या चिठ्ठीवर येतात, पैसे कारखाना देतो. ऐकलं सगळ्यांनीच, बाई. अर्ध्या गावाने ऐकलं. तुम्ही एकाला तरी बोलतं करा, मी त्याच्या मागे उभा राहतो. पहिला नाही."

वारेबाई बाहेर आल्या. विमान आलं होतं हे आता त्यांना पक्कं कळलं होतं. पान कुणी पुसलं, हेही कळलं होतं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

५

बुधवारी दुपारी त्या वाऱ्याची वही काखेत मारून मास्तरांच्या घरी गेल्या. मास्तर पेन्सिलींना टोकं काढत बसले होते. टेबलावर बारा टोकदार पेन्सिली ओळीने मांडलेल्या होत्या आणि ते तेरावी हातात घेत होते.

"मास्तर, त्या मंगळवारी तुम्ही मैदानावर नव्हतात."

"होतो की."

"तुम्ही म्हणालात, आकाशात चिटपाखरू नव्हतं. पण शिकाऊ विमान आग लागेपर्यंत दहा-बारा फेऱ्या मारत होतं. डॉक्टरांच्या क्लिनिकवरून उतरत होतं, म्हणजे पूर्वेकडून. वाराही पश्चिमेचा होता. माझ्या वहीत आहे, आणि धूर पूर्वेला गेला हे सगळ्या गावाने पाहिलं. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, वाऱ्याच्या तोंडावरच उडतं. तेव्हा टेकून पुन्हा उडालं की ते पश्चिमेकडे जाणार. तुमच्या कठड्यावरून, झाडाच्या शेंड्याला लागून. दहा-बारा वेळा, मास्तर. तिथे झोपलेला माणूससुद्धा उठून बसला असता."

"विसरलो असेन."

"विसरलेला माणूस म्हणतो, आठवत नाही. तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत. तुम्ही मला आकाशात काय होतं ते सांगितलंच नाही, पानावर काय उरलंय ते सांगितलंत. पान कोरं, म्हणून आकाश कोरं."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"घड्याळजींकडे किल्लीच नाही," वारेबाई पुढे म्हणाल्या. "डॉक्टरांनी पुसलं असतं तर वीज गेली या सबबीला ते चिकटून राहिले असते. त्यांनी स्वतःच ड्रिलचं सांगून ती मोडली. ती सबब पहिल्यांदा काढली तुम्ही. मी विचारायच्या आधी."

त्यांना वाटलं होतं, मास्तर चिडतील. ते चिडले असते तर बोलणं सोपं गेलं असतं. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक फोटो घेऊन आले. फोटोत मुलगी होती, पांढरा शर्ट, खांद्यावर तीन सोनेरी पट्ट्या. तिच्या मागे विमानाचं शेपूट, आणि शेपटावर कारखान्याचं चिन्ह.

"बाहेर नोकरीला आहे म्हणायचो," मास्तर म्हणाले. "कुठे, ते कुणी विचारलं नाही."

६

"ती मालकांच्या विमानावर सहवैमानिक आहे. दीड वर्ष झालं. कुठे जाणार हे आधी सांगायची परवानगी नाही, घरच्यांनाही नाही. तिची आई गेली, घर खायला उठायचं. मग मीच शोधून काढलं हे अँटेनाचं. रात्री जेवताना नकाशावर तो ठिपका बघायचो. उतरला की ताट उचलायचो. तुम्हा लोकांना वाटायचं मास्तरांना विमानांचं वेड आहे. मला विमानातलं आजही फारसं कळत नाही, बाई."

त्या मंगळवारी सकाळी मुलीचाच फोन आला होता. बाबा, दोन तास धावपट्टीवर थांबणार आहोत, कुंपणापाशी या. मास्तर गेले. विमान साडेदहाला उतरलं. मालक उतरून गाडीतून कारखान्यात गेले. बापलेक हँगरच्या सावलीत दोन पत्र्याच्या खुर्च्यांवर बसून राहिले.

"सहा महिन्यांनी दिसली होती. मी आकाशाकडे पाहिलंच नाही त्या दिवशी. खरंच शिकाऊ विमान होतं का? असेल."

मग स्फोट झाला. धूर उठला. मालक धावत परत आले, बुटांवर राख. बारा वीसला विमान उडालं. संध्याकाळी मुलीने फोन केला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. मुख्य वैमानिकाने तिच्यासमोर कागद ठेवला होता: विमान आठवडाभर दुरुस्तीला होतं. तिने सही केली होती.

"खोट्या कागदावर सही," मास्तर म्हणाले. "लायसन्स जाईल. कदाचित तुरुंगही. एकवीस वर्षांची असल्यापासून ती फक्त उडायचं म्हणत होती. मी त्याच संध्याकाळी पुसून टाकलं. फक्त तिचं विमान पुसलं असतं तर डोळ्यात आलं असतं, म्हणून सगळंच."

"परत आणता येतं का?"

"नाही. कुठेच नाही. मी तीनदा शोधलं." ते क्षणभर थांबले. "पुसल्यावर."

वारेबाईंना त्यांचा राग यायला हवा होता. राग आला, पण तो ठेवायला जागा सापडेना.

"मास्तर, शिवणताईच्या वहिनीला दोन मुली आहेत. शुक्रवारी तुम्ही येऊन एवढंच सांगा की मालक आले होते."

"मी तिचा बाप आहे, बाई."

"हो," वारेबाई म्हणाल्या. "आणि तो तिचा दादा होता."

वारेबाई वही उचलून निघाल्या. फाटकापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला.

"किती वाजता आहे?"

७

सुनावणी जुन्या सरकारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. चौकशी अधिकारी निवृत्त न्यायाधीश होते, सभ्य, कमी ऐकू येणारे. एका बाजूला कारखान्याचे वकील आणि त्यांच्या तीन फायली. दुसऱ्या बाजूला शिवणताई आणि तिची वहिनी. डॉक्टर आले नव्हते. घड्याळजी आले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होते.

वारेबाईंनी वही उघडून सगळं क्रमाने सांगितलं. वारा, धूर, ड्रिल, शिकाऊ विमान, कोरं पान. अधिकाऱ्यांनी मन लावून ऐकलं, दोनदा मानही डोलावली.

वकील उठले. "बाईंचं निरीक्षण खरोखर थोर आहे. वारा पश्चिमेचा होता, मान्य. शिकाऊ विमान उडत होतं, मान्य. त्यावरून आमच्या अशिलांचं विमान आलं होतं हे कसं सिद्ध होतं, तेवढं मला समजावून सांगावं."

वारेबाईंना समजावता येईना. कारण वकील बरोबर बोलत होते.

तेवढ्यात दार उघडलं. मास्तर आत आले. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. सरळ पुढे गेले आणि शाळेत उभं राहून बोलावं तसं बोलले.

"विमान आलं होतं. साडेदहाला उतरलं, बारा वीसला गेलं. मालक त्यात होते, मी त्यांना पाहिलं. नोंद मी पुसली. माझी मुलगी त्या विमानावर वैमानिक आहे."

खोलीत कुजबुज झाली. शिवणताईने वहिनीचा हात इतका घट्ट धरला की वहिनी कळवळली. वारेबाईंच्या मनात आलं, झालं. सुटलो.

वकील मात्र शांत होते. त्यांनी तिसरी फाईल उघडली.

"मला हे वाचावं लागू नये असं वाटत होतं," ते म्हणाले, आणि बहुधा तेही खरं असावं. "सदर सहवैमानिकांचं शपथपत्र. कालच्या तारखेचं. 'मी त्या आठवड्यात सुट्टीवर होते. विमान दुरुस्तीला होतं. आईच्या निधनापासून माझे वडील एकटे राहतात. ते दिवसरात्र विमानांचे ठिपके बघत असतात आणि कधीकधी घडलेलं नि मनात आलेलं यात त्यांची गल्लत होते. त्यांच्या बोलण्याचा त्यांना त्रास होऊ नये ही विनंती.'"

अधिकाऱ्यांनी कागद मास्तरांपुढे सरकवला. "सही आपल्या मुलीचीच आहे का?"

मास्तरांनी कागद जवळ ओढला. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली होती.

"हो," ते म्हणाले. "अक्षर मीच शिकवलं तिला."

"आणि त्या दिवसाचा काही पुरावा? फोटो, कागद?"

"मी पुसला, साहेब."

"बसा," अधिकारी मायेने म्हणाले. आजाऱ्याशी बोलतात तसं.

अहवाल पुढच्या आठवड्यात आला. पर्यवेक्षकाचा हलगर्जीपणा, असंच त्यात लिहिलं होतं. वारेबाईंच्या नोंदींबद्दल एक कौतुकाची ओळ होती. पण त्या शुक्रवारी जिना उतरतानाच सगळ्यांना कळून चुकलं होतं.

८

मास्तर इमारतीच्या बाहेर पायरीवर बसले होते. फोन कानाला होता. पलीकडून एक यांत्रिक आवाज तेच तेच सांगत होता. वारेबाई त्यांच्या शेजारी टेकल्या.

"काल रात्री मीच तिला फोन केला होता," मास्तर म्हणाले. "म्हटलं, तिला न सांगता बोलणं बरं नाही. ती काही बोलली नाही. ऐकून घेतलं आणि ठेवला. मला वाटलं, समजली."

"तिच्यासमोर कागद ठेवला असेल, मास्तर. पहिल्यांदा ठेवला तसाच."

"असेल."

चौतीस वर्षं वारेबाईंनी येणारी वादळं आधी सांगितली होती, आणि एकदाही एखादं अडवता आलं नव्हतं. पण तेव्हा कुणी त्यांच्याकडून ती अपेक्षा केली नव्हती.

घड्याळजी पुढे होऊन रिक्षा बघत होते. वहिनी त्यांच्या मागे गेली. शिवणताई पायऱ्या उतरत आली आणि मास्तरांपाशी थबकली. वारेबाई उठून मध्ये उभ्या राहणार होत्या. ती काही बोलली असती तर ते तिच्या हक्काचंच होतं.

तिने विचारलं, "विमानातून मालक उतरले, तेव्हा त्यांना घ्यायला कोण आलं होतं?"

मास्तरांनी वर पाहिलं. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"गाडी होती. ड्रायव्हर. आणि एक उंच माणूस, कारखान्याच्या निळ्या कपड्यातला. तो गाडीतून नव्हता आला. भट्टीकडून चालत आला होता, घामाने निथळत. एका पायाने थोडा लंगडत."

"डावा पाय," शिवणताई म्हणाली. "काय करत होता?"

"मालकांच्या बरोबरीने चालत होता. काहीतरी सांगत होता. मालक फोनवर बोलत होते, तर तो पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. हात असा आडवा केला." मास्तरांनी हात हवेत आडवा धरला. "बंद करा, असं. दोनदा केलं. मालक दोन शब्द बोलून बाजूने निघून गेले, गाडीत बसले. तो थोडा वेळ तिथेच उभा होता. मग खिशातून फोन काढला आणि बोलत बोलत भट्टीकडे परत गेला."

"परत गेला."

"हो."

शिवणताई पायरीवर बसली, मास्तरांच्या शेजारी, एक हात अंतर सोडून. समोर घड्याळजींनी रिक्षा थांबवली होती आणि ते हाका मारत होते. तिने तिकडे पाहिलं नाही.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. तो चालत आला तिथून."

मास्तरांनी फोन खिशात ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.